अँटेनाला लावलेला बुक्का

मी अँटेना बनवते असं सांगितलं की समोरचा माणूस आधी वर बघतो, छताकडं. मग म्हणतो, "आता तर डिश पण गेल्या ना हो, सगळं मोबाइलवरच बघतात." अहो, पण त्या मोबाइलच्या पोटात काय बसलंय, तुमचे मामा? तिथं अँटेनाच बसलेला असतो, तोही एक नाही, चार-पाच. हे मी पूर्वी समजावून सांगायचे. आता नाही सांगत. आता मी "हो ना, गेल्या डिश" म्हणते आणि चहा पिते.

काम तसं साधं आहे. वायरीतून आलेली शक्ती हवेत फेकायची आणि हवेतली पकडून वायरीत सोडायची, हे करणारा धातूचा तुकडा म्हणजे अँटेना. तुकडा मोठा असला की निवांत काम करतो, लहान केला की कुरकुर सुरू. त्यात माझा अँटेना वाइडबँड हवा होता, म्हणजे एकाच तुकड्यानं खालपासून वरपर्यंत सगळ्या लहरी सांभाळायच्या: मोबाइलच्या, वायफायच्या, उद्या येणाऱ्या, परवा येणाऱ्या. एका स्कूटीवर अख्खं खानदान बसवायचं आणि वर म्हणायचं, स्कूटी जरा छोटी घ्या. हे वर म्हणणारे म्हणजे आमचे सर, माझे पीएच.डी.चे गाइड. दर महिन्याला मी नवं डिझाइन घेऊन गेले की सर चष्मा कपाळावर ढकलायचे आणि म्हणायचे, "छान आहे. अजून लहान कर."

करत गेले बाई लहान. शेवटी तो एवढा लहान झाला की वाळूजला ज्यांच्याकडून मी सर्किटच्या पाट्या करून घेते, ते भाई पाटी चिमटीत धरून म्हणाले, "मॅडम, इतना छोटा? ये गुम जाएगा, मैं पहलेच बोल देता." पाटीच्या पुढच्या बाजूला तांब्याची दोन पाळ्यांची नक्षी होती. सर तिला रेडिएटर म्हणायचे. पप्पांनी बघितलं आणि म्हणाले, "हे तर आपट्याचं पान हाय." मागच्या बाजूला सपाट तांबं, त्याला ग्राउंड म्हणतात, आणि त्यात मी कापलेली एक बारीक फट. सगळी गंमत त्या फटीत. ती केसभर इकडची तिकडं झाली तरी अँटेनाचा मूड बदलतो.

आणि मूड बिघडलेलाच होता. वायर जेवढी शक्ती देते तेवढी सगळी अँटेनानं घ्यायला हवी, त्याला आम्ही मॅचिंग म्हणतो. जे घेतलं नाही ते उलट परत येतं. किती परत येतंय ते मशीनवर रेघेत दिसतं, आणि ती रेघ एका मर्यादेच्या खाली राहायला हवी. माझी रेघ सगळीकडं शहाण्यासारखी खाली होती, फक्त मधे एके ठिकाणी डोकं वर काढायची. सर त्याला काहीतरी भारदस्त नाव द्यायचे. मी त्याला टेंगूळ म्हणायचे. काहीही करा, फट लांब करा, आखूड करा, वाकडी करा, टेंगूळ तिथंच.

घरी उस्मानपुऱ्यात मी सरांशी फोनवर बोलत होते, "सर, मॅचिंगच जमत नाहीये. मधेच रिटर्न येतंय." तेवढं ऐकून आई स्वयंपाकघरातून हातात लाटणं घेऊन बाहेर आली.

"मी तुला तेव्हाच सांगितलं होतं, दिवसाउजेडी बघून घे. दुकानातल्या लाइटमध्ये मॅचिंग कळत नसतं. गुलमंडीवरच्या त्या मॅचिंग सेंटरवाल्याकडंच जायचं, तो रिटर्न पण घेतो, एक शब्द बोलत नाही."

"आई, ब्लाउजपीसचं नाही बोलत मी!"

"मग परकरचं?"

सरांनी पलीकडून हे सगळं ऐकलं. "आईंना विचार," म्हणाले, "तो दुकानदार अँटेना बदलून देतो का." सर विनोद करतात तेव्हा समजायचं की परिस्थिती गंभीर आहे.

गंभीर होतीच. मला मिळालेली मुदतवाढ शेवटची होती. प्रबंध दिवाळीच्या आत गेला नाही, तर नोंदणी रद्द, म्हणजे पहिल्यापासून सुरुवात. आणि ज्या कॉलेजात मी तात्पुरती शिकवत होते तिथं तर साफ सांगितलं होतं, पीएच.डी. झाली तर कायम, नाही तर राम राम. प्रबंधाला शेवटचं मोजमाप हवं होतं. त्याला एक खास खोली लागते, आणि ती पुण्याच्या एका लॅबमध्ये होती. तिथं मला तारीख मिळाली दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची. त्यानंतरची तारीख थेट दिवाळीनंतर. म्हणजे तो एक दिवस, ती एक पाटी, आणि तिच्यावर ते टेंगूळ. माझं डोकं फिरलेलं होतं. मांजर जरी आडवी गेली असती तरी मी तिच्यावर खेकसले असते.

आता पप्पांचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. पप्पा वाळूजच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. आमचं लहानपण बजाजनगरात गेलं, आणि आमच्या घरचा सगळ्यात मोठा सण दिवाळी नाही, खंडेनवमी. त्या दिवशी सगळ्या औजारांची पूजा. कारखान्यात मशीन धुऊन पुसून, झेंडूच्या माळा घालून, कुंकू लावून उभ्या असायच्या. आम्हा पोरांना आत जायला मिळायचं, पेढे मिळायचे, आणि पप्पा आपल्या मिलिंग मशीनची ओळख करून द्यायचे जशी आत्याची करून द्यावी. आता निवृत्त झाले, मशीन गेली, पण हात गप्प बसत नाहीत. खंडेनवमीला घरात जे जे फिरतं, कापतं, चालतं त्या सगळ्याला कुंकू. मिक्सर, कुकर, आईची शिलाई मशीन, स्कूटर, नेलकटर. एका वर्षी त्यांनी टीव्हीच्या रिमोटला लावलं, तेव्हापासून आवाज वाढवायचं बटण चिकटतं.

आणि ते साधं कुंकू नाही. "पाण्यानं लोखंडाला गंज चढतो," म्हणून पप्पा कुंकू तेलात कालवतात. त्यावर बुक्का. आमच्याकडं कुंकवावर बुक्का लागतोच, त्याशिवाय पूजा झाली असं पप्पांना वाटत नाही. बुक्का काळा, तेल चिकट. जे लागलं ते लागलं.

हे ठाऊक असल्यामुळं त्या वर्षी खंडेनवमीला कॉलेजला जाताना मी दारातून ओरडून सांगितलं, "माझ्या टेबलाला हात लावायचा नाही!" पाटी थर्माकोलच्या तुकड्यावर रबरबँडनं बसवून टेबलावर ठेवली होती. संध्याकाळी आले तर घरभर झेंडू. मिक्सरला कुंकू, स्कूटरला कुंकू. टेबलाजवळ गेले तर माझ्या लॅपटॉपला कुंकू! बरोब्बर कॅमेऱ्यावर!

"पप्पाऽऽ!"

"ते टेबल नाय, लॅपटॉप हाय," पप्पा म्हणाले. "टेबलाला नाय लावलं मी."

कॅमेरा पुसता पुसता घाबरून अँटेनाकडं बघितलं. आपट्याचं पान चकचकीत, स्वच्छ, एक डाग नाही. म्हटलं, वाचले देवा. आणि जेवायला बसले.

दसऱ्याच्या सकाळी निघाले तर पप्पा आडवे आले. "अगं, आजचा दिस राहू दे की त्याला. पूजेचं हाय."

मला वाटलं लॅपटॉपबद्दल म्हणतायत. "पप्पा, उद्या पुणं आहे!" म्हणून मी पाटी थर्माकोलसकट डब्यात घातली आणि निघाले. सुट्टी असूनही सरांनी लॅबची किल्ली मिळवून ठेवली होती. मशीन सुरू केली, वायर जोडली, आणि रेघ उमटली.

टेंगूळ नव्हतं.

मी वायर काढली, परत लावली. नव्हतंच. रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत खाली, इस्त्री केल्यासारखी. मी रिकाम्या लॅबमध्ये जी किंचाळले ती वॉचमन पळत आला. त्याला वाटलं शॉक बसला. सरांना फोन केला तर सर म्हणाले, "काय बदललंस?"

"काहीच नाही सर!"

"काहीच न बदलता सुधारलं?" सरांचा आवाज संशयी झाला. पण मला संशय घ्यायला वेळ नव्हता. मी म्हटलं, सर, दसरा आहे, होतं असं. एवढी शिकलेली बाई मी, आणि असं बोलले. आनंदानं माणूस येडं होतं ते हे असं.

दुसऱ्या दिवशी पप्पा पुण्याला बरोबर आले. नको म्हटलं होतं. "एकटी कुठं जातीस एवढं महागाचं औजार घेऊन," म्हणाले, आणि धपाटे-ठेच्याचा डबा घेऊन एसटीत आधीच जाऊन बसले. नगर येईपर्यंत त्यांनी शेजारच्या दोघांना सांगितलं होतं की माझी पोरगी मोबाइलचं यंत्र बनवती. मी खिडकीकडं तोंड करून झोपेचं सोंग घेतलं. पण खोटं कशाला बोलू, बरं वाटत होतं.

लॅबमधली ती खोली बघून पप्पा दारातच थबकले. भिंतीला, छताला, खाली, सगळीकडं निळ्या फोमचे टोकदार सुळके. आतली एकही लहर भिंतीवर आपटून परत येऊ नये म्हणून ते लावलेले असतात, भिंत सगळं गिळून टाकते. आवाज पण गिळते. आत गेल्यावर आपलंच बोलणं आपल्याला कापसातून आल्यासारखं ऐकू येतं.

"हे सुळके कशाचे?" पप्पांनी विचारलं.

"फोमचे, आत कोळशाची भुकटी असते," तिथले ऑपरेटर म्हणाले. सज्जन मनुष्य, पण घड्याळाचा पक्का. "ती शक्ती खाते आणि गरम होते, बस. चला मॅडम, तुमचा वेळ सुरू."

पाटी थर्माकोलसकट खांबावर लावली, दार बंद केलं, आम्ही बाहेर स्क्रीनसमोर. मॅचिंगची रेघ आली, सुंदर. मी पप्पांकडं बघून मान उडवली. मग दुसरी रेघ आली, अँटेना प्रत्यक्ष हवेत किती फेकतोय त्याची. ती छान चालली होती, चालली होती, आणि बरोबर टेंगळाच्या जागी धपकन खाली खड्ड्यात गेली.

ऑपरेटरनी चष्मा पुसला. "मॅडम, हा घेतोय सगळं, पण पुढं देत नाहीये. आतल्या आत खातोय. मॅचिंग खोटं आहे तुमचं. पाटीवर काही लागलंय का?"

मी खोलीत पळाले. पप्पा मागं मागं. पाटी खांबावरून काढली, रबरबँड ओढला, थर्माकोल बाजूला केला आणि उलटी केली. मागच्या ग्राउंडवर, माझ्या फटीच्या बरोबर टोकाशी, अंगठ्यानं दाबून लावलेला लाल टिळा, आणि त्यावर काळाभोर बुक्का, तेलात मुरलेला. कोळसा! बुक्का म्हणजे सुगंधी कोळसाच की! ज्या भुकटीनं ही अख्खी खोली मढवली होती, तीच माझ्या पप्पांनी चिमूटभर माझ्या अँटेनाला फासली होती. टेंगूळ गेलं नव्हतं. पप्पांच्या बुक्क्यानं ते खाल्लं होतं.

आणि मग मी ओरडले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. टेबलाला हात लावू नका म्हणून सांगितलं होतं ना, एक गोष्ट ऐकत नाही कुणी माझी, संपली माझी पीएच.डी., करा आता पूजा, घाला हार! आयुष्यात एवढ्या जोरात कधी ओरडले नसेन. पण ती खोली! एकेक शब्द तोंडातून निघाला की सुळक्यांनी गट्टम. मी लालबुंद होऊन हातवारे करतेय आणि आवाज बघितला तर पुटपुटल्याएवढा.

पप्पा कानाला हात लावून पुढं वाकले. "जरा मोठ्यानं बोल की. ऐकू येत नाय."

मी तिथं सुळक्यांमध्ये उभी, आणि मला हसू फुटलं. राग तर तसाच होता, रडू पण येत होतं, आणि वरून हसू. असं तिहेरी माझं आधी कधी झालं नव्हतं.

पप्पा हसले नाहीत. त्यांना कळलं होतं. "म्होरल्या बाजूला नक्षी होती," ते हळू म्हणाले, "ती खराब नको व्हायला म्हणून मागून लावलं. सगळ्या औजारांची पूजा केली. नेलकटरची केली. अन् तुझंच सोडायचं व्हय?"

मी पाटीकडं बघत राहिले. बघता बघता डोक्यात कुठंतरी काडी पेटली. फट एवढी लांब, पाटीवर इतक्या जागा, आणि पप्पांचा अंगठा पडला तो नेमका इथं. दुसरीकडं कुठं पडला असता तर टेंगळाला काही झालं नसतं. म्हणजे ते टेंगूळ इथंच, या टोकाशी राहत होतं. चोराचा पत्ताच सापडला की. मी इतके महिने फट वाकवत बसले, पण या टोकाला हात लावला नव्हता. ते टोक मला आवडायचं म्हणून. कॉम्प्युटरवर लई देखणं दिसायचं.

"तांब्याची चिकटपट्टी आहे का?" मी ऑपरेटरना विचारलं.

होती. स्पिरिटनं बुक्का पुसला, पप्पांनी पाटी धरली, मी त्या टिळ्याच्या जागीच टिळ्याएवढं तांबं चिकटवलं. फटीचं टोक तेवढं बुजलं. पप्पांच्या हातात पाटी जराही हलली नाही. परत खांबावर पाटी, परत दार बंद. ऑपरेटर घड्याळ बघत होते. पप्पा स्क्रीनकडं न बघता माझ्या तोंडाकडं बघत होते, त्यांना रेघ कळत नव्हती ना.

पहिली रेघ आली. टेंगूळ होतं, पण लहानसं, मर्यादेच्या खाली दबून बसलेलं. दुसरी रेघ आली, आणि ती चालत गेली, चालत गेली, खड्डा आलाच नाही.

"जमलं?" पप्पांनी विचारलं.

"जमलं."

"मग धपाटे काढ," पप्पा म्हणाले. ऑपरेटरनी पण खाल्ले. म्हणाले ठेचा झकास झालाय.

प्रबंध वेळेत गेला. त्या तांब्याच्या ठिपक्याला सरांनी प्रबंधात मोठं इंग्रजी नाव दिलं. लांबी-रुंदीला अक्षरं द्यायची असतात, ठिपक्याच्या व्यासाला मी B दिलं. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, हे B कशाचं? मी म्हटलं, बॅक साइडचं. सर खोकले. मी पास झाले, कॉलेजात कायम झाले, आईनं गुलमंडीवरून साडी आणली आणि मॅचिंग दिवसाउजेडी बघून घेतलं.

मग पुढची खंडेनवमी आली. मी घरीच होते. पप्पा वाटीत कुंकू कालवून घरभर फिरत होते. मिक्सर झाला, स्कूटर झाली, शिलाई मशीन, कात्री, नेलकटर. माझ्या खोलीच्या दाराशी आले, टेबलाकडं बघितलं, आणि वाटी घेऊन गॅलरीत निघून गेले. नळाच्या पान्याला कुंकू लावायला.

सगळं घर लाल, आणि माझं टेबल कोरं. मला जे वाईट वाटलं ना, पुण्यात खड्डा बघून पण तेवढं वाटलं नव्हतं. पाटी कपाटात होती, प्रबंधाची आठवण म्हणून ठेवलेली. ती काढली आणि गॅलरीत गेले.

"पप्पा, माझं औजार राहिलं."

"नको गं बाई," ते पान्याकडंच बघत म्हणाले. "ते तुझं खातं ना आतल्या आत."

मी पाटी उलटी करून त्यांच्यापुढं धरली. तांब्याच्या ठिपक्याला जरा काळपटपणा आला होता. "इथं लावा. इथंच लावलं होतं तुम्ही."

पप्पांनी चष्मा नाकावर सारला, ठिपका नीट बघितला, अंगठा वाटीपर्यंत नेला आणि थांबले. मग आत वळून आईला हाक मारली.

"अगं ए, कोरडं कुंकू आण जरा. हिच्या मशीनला तेलाचं चालत नाय."